परक्या विमानाचा कॅप्टन

मुंबईत रोज एअरबस ३२० चालवणारा पायलट उद्या शांघायला जाऊन तेच विमान चालवू शकेल का? विमान एकाच कारखान्यातलं, कॉकपिटमधली बटणं त्याच जागी, रेडिओवरची भाषाही इंग्रजी. मग अडचण कसली? घरात कुणी पायलट होऊ पाहत असेल तर हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. त्याच्या मागोमाग दुसराही येतो: देशात एवढी माणसं असताना विमान कंपन्या परदेशातून पायलट का आणतात, आणि त्यांना डॉलरमध्ये एवढा पैसा का मोजतात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की हो, चालवू शकेल; पण उद्या नाही, काही महिन्यांनी. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आधी तेच पाहू.

१. विमान मिळतं, कॅप्टन मिळत नाही

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे फर्स्ट ऑफिसर, म्हणजे आपण ज्याला को-पायलट म्हणतो तो. विमान दोघेही चालवतात. जाताना एकानं, येताना दुसऱ्यानं, अशी वाटणी असते. कायद्यानं जबाबदारी मात्र एकाचीच, डाव्या खुर्चीची.

भारतात कमर्शियल पायलटच्या परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण लागतं. बारामती, धुळे किंवा गोंदियाला शिकणारी मुलं हवामानानं आणि विमानांच्या उपलब्धतेनं साथ दिली तर दीड-दोन वर्षांत तिथवर पोचतात. त्या परवान्यावर उजवी खुर्ची मिळते. डाव्या खुर्चीसाठी एटीपीएल, म्हणजे एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलटचा परवाना हवा, आणि त्याला किमान १,५०० तास हवेत. कंपन्या प्रत्यक्षात याहून बरेच जास्त तास मागतात. शिवाय वर्षाला १,००० तासांपलीकडे उडायला नियमच मनाई करतो. उजवीकडून डावीकडे सरकायला त्यामुळे चार-पाच वर्षं सहज जातात.

विमानाचं तसं नाही. भाड्यानं घेतलेलं विमान काही महिन्यांत दारात उभं राहतं. आता थोडा हिशेब करू. एक छोटं जेट दिवसाला १३ तास उडतं असं धरलं, तर वर्षाचे ४,७४५ तास होतात. एक कॅप्टन वर्षाला ८५० तास उडतो असं धरलं, तर त्या एका विमानाला साडेपाच कॅप्टन लागतात. दहा विमानं आणली की ५५ कॅप्टन पाहिजेत, आणि तेही पहिल्या दिवसापासून. भारतात २००३ साली एअर डेक्कन आली, २००५ मध्ये स्पाइसजेट, किंगफिशर आणि गोएअर, २००६ मध्ये इंडिगो. तीन वर्षांत पाच नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. एवढे तयार कॅप्टन देशात नव्हतेच. उजव्या खुर्चीसाठी रांग लागली होती आणि डावी रिकामी होती. ती परदेशी कॅप्टनांनी भरली.

चीनमध्ये २००० नंतरच्या दोन दशकांत हेच याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे आणखी एक गाठ होती. चिनी पायलटच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि त्या बदल्यात त्याला दीर्घ कराराने बांधून ठेवते. त्यानं मध्येच दुसरी कंपनी गाठली तर भरपाईचा आकडा लाखो युआनमध्ये जातो आणि प्रकरण कोर्टात पोचतं. शेजारच्या कंपनीचा कॅप्टन फोडण्यापेक्षा ब्राझील किंवा कोरियाचा कॅप्टन आणणं त्यामुळे सोपं पडायचं. मागणी जवळजवळ सगळी कॅप्टनांचीच होती. को-पायलट आपले, कॅप्टन बाहेरचा, असं ते गणित होतं.

भारतीय विमानसेवेच्या जन्मापासून परदेशी पायलट तिच्यासोबत आहे, हे इथे सांगायला हवं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाचं विमान जुहूला आणलं आणि तिथून मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा नेला तो नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. ब्रिटिश हवाई दलातून आलेले व्हिन्सेंट कंत्राटी नव्हते, या धाडसातले भागीदार होते. पण त्या काळीही अनुभवी हात बाहेरून आला होता, हे खरं.

२. घर सोडतं कोण?

चांगली नोकरी सोडून कुणी पन्नाशीत परक्या शहरातल्या हॉटेलात का राहायला जाईल? त्यासाठी सीनियॉरिटी नावाची गोष्ट समजून घ्यावी लागेल.

अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या जुन्या कंपन्यांमध्ये पायलटचं सगळं आयुष्य एका क्रमांकावर चालतं. कंपनीत आलेल्या तारखेनुसार तो मिळतो. बढती कधी, विमान कोणतं, दिवाळी-नाताळची सुट्टी कुणाला, सगळं त्या क्रमांकावर ठरतं. हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षं जंबो चालवलेला कॅप्टन नव्या कंपनीत गेला की रांगेच्या शेवटी उभा राहतो, बहुधा उजव्या खुर्चीत, निम्म्याहून कमी पगारावर. आशियातली कंत्राटी नोकरी मात्र त्याला थेट डावी खुर्ची देते. म्हणून कुठे कंपनी बुडाली की तिथले कॅप्टन जगभर पांगतात.

ऑगस्ट १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात पगारवाढीचं भांडण विकोपाला गेलं आणि देशांतर्गत कंपन्यांच्या सुमारे १,६०० पायलटांनी एकदम राजीनामे दिले. पंतप्रधान बॉब हॉक यांनी हवाई दलाची विमानं प्रवाशांसाठी लावली, कंपन्यांनी नव्या अटींवर नवी भरती केली, आणि कित्येक पायलटांना देशाबाहेर कामं शोधावी लागली. २००१ मध्ये स्विसएअर, सबेना आणि ऑस्ट्रेलियाची अँसेट कोसळल्या. २००६ मध्ये ब्राझीलच्या व्हारिगची पाळी आली, आणि तिचे बरेच पायलट आखात आणि चीनकडे गेले. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री मुंबईच्या जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, तेव्हा आपल्याही शेकडो घरांत हा प्रश्न येऊन पडला: इथेच दुसरीकडे जायचं, की देश सोडायचा?

३. परवाना विमानाच्या देशाचा

डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आजची सगळी नागरी विमानवाहतूक त्यावर उभी आहे. त्याचं ३२ वं कलम सांगतं, की आंतरराष्ट्रीय उड्डाण करणाऱ्या विमानाच्या पायलटला ते विमान जिथे नोंदलेलं आहे त्या देशानं परवाना दिलेला असला पाहिजे, किंवा त्याच्याजवळचा परवाना त्या देशानं ग्राह्य मानलेला असला पाहिजे. पायलट कोणत्या देशाचा नागरिक आहे आणि विमान कुठून कुठे चाललंय, याचा इथे संबंध नाही. नोंदणी कुठली, एवढंच पाहायचं. भारतीय विमानाच्या अंगावर व्हीटी ही अक्षरं असतात, चिनी विमानावर बी, संयुक्त अरब अमिरातीच्या विमानावर ए६, दक्षिण कोरियाच्या विमानावर एचएल.

भारतीय परवान्याचा पायलट व्हीटी नोंदणीचं विमान घेऊन लंडनला खुशाल उतरतो, त्याला कुणी अडवत नाही. तोच पायलट बी नोंदणीच्या विमानात बसला, की चीनच्या दृष्टीनं त्याच्याजवळ परवानाच नसतो.

यातून सुटायची एक वाट म्हणजे पायलटसकट विमानच भाड्यानं घेणं. याला वेट लीज म्हणतात. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी एमिरेट्सचं पहिलं विमान दुबईहून कराचीला गेलं तेव्हा एमिरेट्सनं पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून अशी विमानं घेतली होती. इंडिगोनंही २०२३ पासून तुर्की एअरलाइन्सची बोइंग ७७७ विमानं तिथल्या पायलटांसह वापरली. विमान परक्या देशात नोंदलेलं, पायलटकडे त्याच देशाचा परवाना. मग प्रश्नच उरत नाही.

एकट्या पायलटला आणायचं असेल तर दोन रस्ते आहेत. त्याच्या जुन्या परवान्यावर मान्यतेची मोहोर द्यायची, किंवा नवा परवानाच काढायला लावायचा. भारतात पहिला रस्ता वापरतात. त्याला एफएटीए म्हणतात, म्हणजे परदेशी पायलटला ठरावीक मुदतीपुरती दिलेली परवानगी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ती देतं आणि त्याआधी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. चीन दुसऱ्या रस्त्यानं नेतो: कागदपत्रांची पडताळणी, सिम्युलेटरवर चाचणी, वैद्यकीय तपासणी, चिनी नियमांची लेखी परीक्षा, पुन्हा सिम्युलेटर, मग प्रशिक्षक शेजारी बसवून प्रत्यक्ष उड्डाणं. यात महिने जातात.

या सगळ्यात पायलट धास्ती घेतात ती वैद्यकीय तपासणीची. मायदेशी दर वर्षी विनातक्रार पास होणारा माणूस तिथे पोटाच्या सोनोग्राफीत किंवा ट्रेडमिलवरच्या हृदयतपासणीत अडकतो. नोकरी तिथेच संपते. त्यात कुणाचा दोष नसतो. तपासणीचे निकष प्रत्येक देशाचे वेगळे असतात.

नोकरी लागली तरी जुना परवाना टाकून देता येत नाही. उद्या परत यायचं तर तो जिवंत हवा. म्हणून कंत्राटी पायलट दोन देशांचे परवाने आणि दोन देशांच्या तपासण्या सांभाळत जगतो.

४. मुकादम, टोळी आणि कारखाना

आता करार. वाचकाला वाटेल, पायलट आणि विमान कंपनी यांच्यात सही झाली की संपलं. बऱ्याचदा तसं होत नाही. मध्ये एजन्सी असते. आयर्लंडची पार्क एव्हिएशन आणि न्यूझीलंडची रिशवर्थ ही या धंद्यातली जुनी नावं.

ही रचना समजायला आपल्याकडची ऊसतोड डोळ्यांसमोर आणावी. ऊस तोडायचा असतो कारखान्याला. पण कारखाना बीडच्या मजुराशी थेट बोलत नाही. मध्ये मुकादम असतो. टोळी तो जमवतो, उचल तो देतो, हिशेब त्याच्या वहीत असतो. मजूर राबतो कारखान्यासाठी, पण वाद झाला की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो. दोन्हींतले कष्ट आणि मोबदला यांची तुलनाच होऊ शकत नाही, आणि इथे ती करायचीही नाही. सारखा आहे तो फक्त करारांचा त्रिकोण. पायलटचा गणवेश विमान कंपनीचा, ड्युटीचं वेळापत्रक विमान कंपनीचं, चूक झाली तर चौकशीही तिचीच. पण नोकरीचा कागद अनेकदा एजन्सीचा, आणि तोही कधी तिसऱ्याच देशाच्या कायद्याखाली केलेला. अशा वेळी थकलेल्या पगारासाठी दाद कुठे मागायची, हाच पहिला वाद होतो.

उचलीलाही इथे जोडीदार आहे. त्याला बाँड म्हणतात. नव्या प्रकारच्या विमानाचं प्रशिक्षण कंपनीनं दिलं, तर त्याचा खर्च पायलटच्या नावावर लिहिला जातो आणि काही वर्षं काम केल्यावर फिटतो. आधी सोडलं तर उरलेली रक्कम भरायची. उलट बाजूनं, करार पुरा केल्यावर मिळणारा मोठा बोनसही असतो. तो वर्षाच्या किंवा कराराच्या शेवटी मिळतो, त्यामुळे अकराव्या महिन्यात बाहेर पडावं लागलेल्याच्या हाती त्यातलं बहुधा काहीच येत नाही.

५. आकडा आणि हिशेब

२०१६-१७ च्या सुमारास चिनी कंपन्या अनुभवी कॅप्टनला वर्षाला अडीच ते तीन लाख डॉलर देऊ करत होत्या, तेही अनेकदा कर कंपनीनं भरून. जगभरच्या वर्तमानपत्रांत या बातम्या आल्या, आणि आपल्याकडेही कित्येक आई-वडिलांनी त्या कापून ठेवल्या असतील. आकडे खरेच होते. पण तो आकडा कोणत्या महिन्यापासून सुरू होतो, हे बातमीत नसे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. करारात महिना २०,००० डॉलर लिहिलेत. वर्षाचे झाले २,४०,०००. पण परवान्याची प्रक्रिया चार महिने चालली आणि त्या काळात महिना ३,००० डॉलर भत्ताच मिळाला. म्हणजे पहिल्या वर्षी चार महिन्यांचे १२,००० आणि आठ महिन्यांचे १,६०,०००, मिळून १,७२,०००. महिन्याची सरासरी १४,३०० च्या आसपास आली. यातून निवृत्तीची तरतूद स्वतः करायची, कारण कंत्राटात पेन्शन नसते. घरचा आरोग्य विमा वेगळा. शिवाय एक खास विमा: उद्या रक्तदाब किंवा साखर वाढून परवाना गेला तर उत्पन्नच थांबतं, म्हणून परवाना गमावण्याचा विमा. हप्ता वयाबरोबर चढत जातो.

सुट्टीची गोष्टही पैशाला जोडलेली आहे. कुटुंब घेऊन तिथेच राहणाऱ्याला जास्त पगार आणि कमी रजा. घर मायदेशी ठेवून ये-जा करणाऱ्याला, म्हणजे काही आठवडे काम आणि मग सलग काही आठवडे घर, अशा कराराला कमी पगार. बरेच जण दुसरा पर्याय घेतात. मुलं शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात. मग आयुष्य दोन टोकांच्या मध्ये, विमानतळांवर जातं, आणि घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस झोपेची घडी बसवण्यात जातात.

६. दहा हजार शंभर मीटर

आता कॉकपिटमध्ये जाऊ. जगातल्या बहुतेक देशांत विमानाची उंची फुटांत सांगतात. चीनमध्ये ती मीटरमध्ये सांगतात. कंट्रोलर म्हणतो, दहा हजार शंभर मीटरवर जा. विमानाच्या ऑटोपायलटवर आकडा फुटांत लावायचा असतो. कॅल्क्युलेटर म्हणेल ३३,१३६. पण तो लावायचा नाही. चीननं नोव्हेंबर २००७ मध्ये उंचीची नवी पद्धत आणली, तिचा एक ठरलेला तक्ता आहे: ९,८०० मीटर म्हणजे ३२,१०० फूट, १०,१०० म्हणजे ३३,१००, १०,४०० म्हणजे ३४,१००. पायऱ्या एकमेकींपासून बरोबर हजार फुटांवर. पायलट तक्ता पाहतो, ३३,१०० लावतो, शेजारचा पुन्हा पाहून मोठ्यानं दुजोरा देतो. इथे ज्यानं त्यानं आपापला गुणाकार केला, तर वर-खाली उडणाऱ्या विमानांमधलं हजार फुटांचं अंतर खात्रीचं राहणार नाही. वाऱ्याचा वेगही तिथे मीटर प्रति सेकंदात सांगतात. ६ ऐकलं की मनात १२ नॉट उमटले पाहिजेत. वीस वर्षं फूट आणि नॉटमध्ये विचार केलेल्या माणसाला ही सवय रात्री तीन वाजता, वादळ टाळताना, आठवावी लागते.

भाषेचा प्रश्न याहून अवघड आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं मार्च २००८ पासून इंग्रजीच्या सहा पातळ्या लागू केल्या. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी पायलट आणि कंट्रोलर किमान चौथ्या पातळीवर हवेत. हा नियम येण्यामागे अनेक अपघात आहेत, आणि त्यातला एक अतिशय भीषण अपघात आपल्याच देशातला. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर कझाकस्तानचं विमान सौदी अरेबियाच्या जंबोवर आदळलं आणि ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायला सांगितलं होतं. ते त्याखाली उतरलं. त्या विमानात कंट्रोलरशी बोलण्याचं काम रेडिओ ऑपरेटरकडे होतं, आणि सोव्हिएत पद्धतीत वाढलेल्या त्या चमूचं इंग्रजी हा चौकशीतला ठळक मुद्दा ठरला.

पण चौथी पातळी असली तरी एक गोष्ट उरते. चीनमध्ये कंट्रोलर चिनी चमूंशी चिनी भाषेत बोलतो आणि परदेशी कॅप्टनशी इंग्रजीत. पायलट रेडिओवर फक्त स्वतःसाठीच्या सूचना ऐकत नाही. पुढचं विमान कुठे आहे, कोण धावपट्टीवर शिरतंय, कुणाला थांबवलंय, हे सगळं इतरांच्या बोलण्यातून त्याच्या डोक्यात जुळत असतं. ते बोलणं अनोळखी भाषेत असेल तर चित्राचा मोठा भाग कोरा राहतो. युरोपातही हे घडलं आहे. २५ मे २००० च्या रात्री पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर एका फ्रेंच जेटला उड्डाणाची परवानगी फ्रेंचमध्ये मिळाली. त्याच धावपट्टीवर मधल्या रस्त्यानं शिरणाऱ्या छोट्या ब्रिटिश मालवाहू विमानाशी कंट्रोलर इंग्रजीत बोलत होता. ते विमान जेटच्या मागे उभं आहे, असा त्याचा समज होता. जेटचा पंख त्या विमानाच्या कॉकपिटमधून गेला आणि तिथला एक पायलट ठार झाला. दोन भाषांचा वापर फ्रेंच चौकशी अहवालात नोंदला गेला. अशा वेळी कॅप्टनला आधार असतो तो शेजारच्या को-पायलटचा. कोरा भाग तोच भरतो, त्यानं भरायचं मनावर घेतलं तर.

आणखी एक फरक. प्रत्येक उड्डाणाची नोंद विमानातलं एक यंत्र ठेवतं: उतरताना धक्का किती बसला, वेग किती होता, चाकं कुठे टेकली. जगभर ही माहिती शिकवण्यासाठी वापरतात. अनेक चिनी कंपन्यांत मात्र बराच काळ ठरावीक मर्यादा ओलांडली की पगारातून कपात होत असे. धक्क्याच्या भीतीनं कॅप्टन विमान हळुवार टेकवायला पाहतो आणि त्यात धावपट्टी संपत जाते. चुकीच्या जागी लावलेला दंड सुरक्षितता वाढवत नाही, हे यातून स्पष्ट दिसतं.

७. मंगळूर, २२ मे २०१०

परदेशी पायलट धोकादायक असतो का? हा प्रश्न भारतात सर्वांत जोरात विचारला गेला तो एअर इंडिया एक्सप्रेसच्या दुबई-मंगळूर विमानाच्या अपघातानंतर. विमानात १६६ जण होते. आठ वाचले. कॅप्टन सर्बियन वंशाचे ब्रिटिश नागरिक होते, दहा हजारांहून जास्त तासांचा अनुभव असलेले. को-पायलट भारतीय. चौकशी समितीचे प्रमुख होते हवाई दलाचे निवृत्त उपप्रमुख, पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले.

अहवाल वाचताना घटना जवळून दिसते. रात्रीचं उड्डाण. कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण दोन तासांहून थोडं जास्त, आणि त्यात दीड तासाहून अधिक काळ कॅप्टन झोपलेले. गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू बधिर राहतो. ती अवस्था उतरण्याच्या वेळेशी जुळून आली. मंगळूरचं रडार त्या दिवसांत बंद होतं, त्यामुळे उंची कमी करायला उशिरा सुरुवात झाली. विमान फार उंचावरून येत होतं. धावपट्टीचं टोक ओलांडताना ५० फुटांवर असायला हवं ते सुमारे २०० फुटांवर होतं, आणि वेग १४४ ऐवजी १६० नॉटच्या वर. को-पायलटनं तीन वेळा गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्यास सांगितलं. यंत्रानंही वारंवार इशारे दिले. चाकं टेकली तेव्हा आठ हजार फुटांच्या धावपट्टीतले पाच हजार दोनशे फूट मागे पडले होते, आणि पुढे पठाराची कडा होती.

समितीनं थेट कारण नोंदवलं ते हे, की कॅप्टननं अस्थिर झालेलं लँडिंग सोडून दिलं नाही. कारणांत परदेशी नागरिकत्व नाही, आणि ते योग्यच आहे. पण हातभार लावणाऱ्या गोष्टींत एक नोंद आहे: को-पायलटनं गो-अराउंड कधी हाती घ्यावं याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, म्हणून बहुधा त्यानं सांगितलं, पण नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही. कंत्राटी कॅप्टनच्या व्यवस्थेत नेमकं हेच जपावं लागतं. कॉकपिटमधली दोन माणसं वेगळ्या देशांची, वेगळ्या वयाची, वेगळ्या प्रकारे 'साहेब, चुकतंय' म्हणणारी असतात. चार आठवड्यांनी एकदा भेटतात, कधी पुन्हा भेटतच नाहीत. अशा जोडीला नियम लेखी, स्पष्ट आणि सरावातला हवा: अमुक उंचीवर अमुक झालं नाही, तर विमान वर घ्यायचं, कोणत्याही खुर्चीतून. विमान कंपनीनं पैसे टाकून कॅप्टन आणला, तरी ही जोडी घडवायचं काम तिला करावंच लागतं, आणि ते सिम्युलेटरमध्ये तास घालवूनच होतं.

८. करार संपतो तेव्हा

२०२० च्या सुरुवातीला कोविडनं चिनी उड्डाणं अचानक कमी झाली, आणि अनेक कंपन्यांनी परदेशी पायलटांना बिनपगारी रजेवर पाठवलं. २८ मार्च २०२० पासून चीननं परदेशी नागरिकांना प्रवेश बंद केला. जे त्या वेळी सुट्टीवर घरी होते, त्यांचं भाड्याचं घर, सामान आणि हिशेब तिकडेच राहिले. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झाली नाहीत, तर पायलट पुन्हा सिम्युलेटरमध्ये तपासल्याशिवाय प्रवासी नेऊ शकत नाही. घरी बसलेल्यांचे नव्वद दिवस भरत गेले आणि नव्या नोकरीची वाट आणखी अरुंद झाली.

कधी पायलटचा काहीच दोष नसताना त्याच्या देशाचा परवानाच संशयात येतो. कराचीत मे २०२० मध्ये विमान पडल्यावर पाकिस्तान सरकारनं संसदेत सांगितलं, की देशातल्या २६२ पायलटांचे परवाने संशयास्पद आहेत. काही दिवसांत व्हिएतनामनं आपल्याकडचे २७ पाकिस्तानी पायलट उतरवले. त्यातल्या कित्येकांचे परवाने नंतर खरे निघाले.

भारतातून बाहेर जाणाऱ्यासाठी एक अट घरचीच आहे. डीजीसीएनं २०१७ मध्ये कॅप्टनसाठी नोटिशीची मुदत एक वर्ष केली. को-पायलटसाठी ती सहा महिने आहे. परदेशी कंपनी इतकं थांबेल का, हे आधी विचारून घ्यावं.

ज्या घरात परदेशी करार येऊन पडला असेल, त्यांनी तो शेवटच्या पानापासून वाचावा. करार कोण संपवू शकतं आणि किती दिवसांच्या नोटिशीवर. वाद कोणत्या देशाच्या कोर्टात चालेल. परवान्याच्या प्रक्रियेत महिने गेले तर पगार काय. बाँड किती आणि कधी फिटतो. आजारी पडल्यास किती महिने पैसे मिळतील. परतीचं तिकीट कुणाच्या खर्चानं. या सहा प्रश्नांची उत्तरं लेखी मिळाली, की मगच पगाराचं पान उघडावं. एजन्सीनं उत्तर द्यायला टाळाटाळ केली, तर सही करू नये.